खुलासा: 'ड्रायव्हर प्यायलेला नसला की झालं' हे खरं नाही

अमेरिकेत फिरायला निघालेल्यांच्या ग्रुपवर हा सल्ला हमखास येतो: चालवणारा शुद्धीत असेल तर मागे बसलेल्यांनी बिअर उघडली तरी चालते.

कॅलिफोर्नियाचंच उदाहरण घेऊ. तिथल्या व्हेइकल कोडचं, म्हणजे वाहन कायद्याचं, कलम 23221 ड्रायव्हरइतकंच प्रवाशालाही सार्वजनिक रस्त्यावर धावत्या गाडीत पिण्यास मनाई करतं. कलम 23223 त्याच्याही पुढे जातं: नुसती उघडी बाटली जवळ बाळगणंही गुन्हा. त्यामुळे 'कोणीच प्यायलो नव्हतो' हा बचाव इथे लागू पडत नाही.

आता 'उघडी' म्हणजे काय, खरी मेख इथे आहे. सील तुटलेलं असलं किंवा थोडीशी वाइन कमी झालेली असली तरी बाटली उघडीच. पार्टीत उरलेल्या अर्ध्या बाटलीला बूच घट्ट बसवलंत म्हणून ती बंद ठरत नाही. ती डिकीत ठेवायची. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, किंवा जिथे सहसा कोणी बसत नाही अशा जागी. डॅशबोर्डमधला कप्पा मात्र चालत नाही. कायदा तो बसण्याच्या जागेतच धरतो.

भाड्याची लिमोझिन, टॅक्सी, बस यांतल्या प्रवाशांना सूट आहे. गैरसमज बहुधा तिथूनच पसरला असावा.

इतर राज्यांत तपशील बदलतात. मिसिसिपीत तर असा राज्यव्यापी कायदाच नाही, पण तिथल्या एखाद्या शहराचा स्वतःचा नियम असू शकतो. कॅलिफोर्नियाचा नियम पडताळायचा तर त्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर व्हेइकल कोड उघडून कलम 23220 ते 23229 वाचा. पाचेक मिनिटांचं काम आहे.