व्यायामानंतर उसळलेलं हॉर्मोन आणि एरवीचं हॉर्मोन: दोन्ही एकच समजू नका

जिममध्ये हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, "वेट्स झाल्यावर ट्रेडमिलवर चढू नको रे, कॉर्टिसॉल वाढतं, टेस्टोस्टेरॉन पडतं, सगळी मेहनत पाण्यात." (कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हॉर्मोन, टेस्टोस्टेरॉन म्हणजे मसल वाढवतं असं मानलं जाणारं, पुरुषांत जास्त असणारं हॉर्मोन.) मी हे ऐकून दोन वर्षं कार्डिओ, म्हणजे पळणं-सायकलिंग वगैरे, पूर्ण बंद ठेवलं होतं आणि आता त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे.

पहिली म्हणजे व्यायाम चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळ हॉर्मोन्स उसळतात ती उसळी. जड स्क्वॉट मारले की टेस्टोस्टेरॉन, ग्रोथ हॉर्मोन, कॉर्टिसॉल सगळंच वर जातं, जोरात पळलं तरी जातं, आणि साधारण तासा-दोन तासांत बहुतेक सगळं खाली येतं. त्यातही काही वाढ नुसती आकड्यातली असते, म्हणजे रक्तातलं पाणी कमी होऊन रक्त घट्ट होतं म्हणून आकडा मोठा दिसतो. दुसरी म्हणजे एरवीची पातळी, सकाळी उपाशीपोटी शांत बसलेल्या माणसाचं रक्त काढलं तर येते ती. माझं एकदा असंच झालं, जिममधून थेट लॅबमध्ये गेलो, कॉर्टिसॉल जास्त आलं, रात्रभर झोप नाही. डॉक्टरांनी चार दिवसांनी सकाळी आठला, व्यायाम न करता परत टेस्ट करायला सांगितली, रिपोर्ट एकदम नॉर्मल. आधीचा रिपोर्टही चुकीचा नव्हता, त्यात फक्त उसळी पकडली गेली होती.

मग या उसळीने मसल वाढतो का? कॅनडाच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी 2010 साली यावर जो प्रयोग छापला तो मला फार आवडतो. 12 तरुण, 15 आठवडे, आणि तुलना एकाच माणसाच्या दोन हातांत! एका दिवशी एका हाताने फक्त बायसेप कर्ल, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हाताने तेच कर्ल पण लगेच त्यानंतर पायांचा दणकून व्यायाम, म्हणजे त्या हाताच्या वाट्याला दर वेळी हॉर्मोन्सची मोठी लाट आली. शेवटी मोजलं तर दोन्ही हात सारखेच वाढले, ताकदही सारखीच. म्हणजे ज्या लाटेसाठी आपण कार्डिओ टाळतो, क्रम बदलतो, रेस्ट घड्याळ लावून मोजतो, तिचा मसल वाढण्याशी फारसा संबंधच दिसला नाही.

आता कार्डिओने ताकदीवर कधीच परिणाम होत नाही असंही नाही हां. 1980 साली रॉबर्ट हिक्सन या संशोधकांनी 10 आठवडे लोकांकडून वेट्स आणि एन्ड्युरन्स दोन्ही करून घेतलं तेव्हा साधारण सातव्या आठवड्यानंतर ताकद वाढायची थांबली. पण ते लोक आठवड्यात 5 दिवस वेट्स आणि 6 दिवस पळणं-सायकलिंग करत होते! आपली तीन दिवस वेट्स आणि अर्धा तास चालणं ही गोष्टच वेगळी. आणि ताकद अशी अडण्याचं कारण मुख्यतः थकव्यात आणि स्नायूंच्या आतल्या सिग्नल्समध्ये शोधलं जातं, टेस्टोस्टेरॉनच्या त्या उसळीत नाही.

एरवीची पातळी खरंच पडते ती कमी खाण्याने. भरपूर व्यायाम, त्यात डाएट म्हणून दोन फुलके, झोप पाच तास, असं महिनोन् महिने चाललं की पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं, बायकांची पाळी लांबते किंवा थांबते. पाळी थांबली तर "व्यायामाने होतं असं" म्हणून सोडून देऊ नका प्लीज, डॉक्टरांना दाखवा.

आणि या सगळ्या चर्चेत इन्सुलिनचं नाव कुणी घेत नाही, वेट्स आणि कार्डिओ एकत्र करायचा खरा फायदा तर तिथे आहे. स्नायू काम करत असताना रक्तातली साखर इन्सुलिनशिवायही आत ओढतात आणि पुढे दिवसभर, कधी दोन दिवस, कमी इन्सुलिनमध्ये काम भागतं. कॅनडात टाइप 2 डायबेटिस असलेल्या 251 जणांवरच्या, 2007 साली आलेल्या अभ्यासात नुसत्या कार्डिओपेक्षा आणि नुसत्या वेट्सपेक्षा दोन्ही करणाऱ्यांचं एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा) जास्त उतरलं. त्यांचा एकूण व्यायामच जास्त होता, हा आक्षेप बरोबर आहे, पण 2010 साली अमेरिकेत लुइझियानामधल्या 262 जणांच्या अभ्यासात वेळ जवळपास सारखा ठेवला तरी कंट्रोल ग्रुपच्या, म्हणजे असा व्यायाम न करणाऱ्या गटाच्या, तुलनेत ठळक फरक एकत्र करणाऱ्यांनाच दिसला.

माझे बाबा वर्षानुवर्षं फक्त चालायचे. आता अर्धा तास चालून आले की खुर्चीवरून हात न टेकता 10 वेळा उठतात-बसतात, मग भिंतीला पुशअप्स, मग रबर बँड. त्यांना शुगरची गोळी चालू आहे म्हणून सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारलं, कारण इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर शुगर एकदम उतरू शकते, आणि खिशात ग्लुकोजची पुडी असल्याशिवाय मी त्यांना घराबाहेर पडू देत नाही.