पिकिंगचा वेग आणि हातांचा मेळ (जॅझ गिटार)

जॅझ गिटारवर एकेरी सुरांची वेगवान ओळ वाजवताना उजव्या हातातल्या पिकचा (तार छेडायच्या छोट्या पातीचा) आघात आणि डाव्या हाताच्या बोटाचा दाब अचूक जुळणे, याला हातांचा मेळ म्हणतात. शिकणारे बहुतेक जण आधी वेगाच्या मागे लागतात. खरे तर वेग या मेळातूनच येतो. मेळ नसेल तर वाढवलेल्या लयीत नुसती खरखर ऐकू येते.

बिघाड कानाला लगेच कळतो. बोट पोहोचण्याआधी पिक लागला, की मोकळी तार वाजते किंवा दबकी ‘टक्’ येते. बोट लवकर उचलले, तर सूर मध्येच तुटतो. म्हणून बोट अगदी किंचित आधी टेकलेले असावे लागते. बिबॉप या जलद जॅझ शैलीत मिनिटाला 240 ठोक्यांची लय नवलाची नाही. एका ठोक्यात दोन सूर धरले तर सेकंदाला 8 सूर होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग. एवढ्याशा जागेत हात चुकायला फारसा वाव उरत नाही.

उजव्या हाताची मूळ चाल खाली-वर, खाली-वर अशी. सरोदवर जव्याने, म्हणजे सरोदच्या पिकने, वाजणारे ‘दा’ आणि ‘रा’ हे बोल हीच चाल सांगतात. नाशिकच्या मुलांना ती ढोल-ताशाच्या सरावातून आधीच ओळखीची असते. ताशावर दोन्ही काड्यांचा आवाज सारखा खणखणीत निघेपर्यंत लय वाढवण्यात अर्थ नसतो, आणि पिकच्या वरच्या आघाताचेही तसेच आहे. नवशिक्याचा ‘रा’ जवळपास नेहमी ‘दा’पेक्षा पोकळ वाजतो. हालचाल मनगटातून यावी. कोपर आणि खांदा ताठरले की काही आवर्तनांतच हात भरून येतो.

सर्वांत अवघड जागा तार बदलण्याची. तिसऱ्या तारेवर तीन सूर खाली-वर-खाली असे वाजवले, की पिक तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेच्या मध्ये येऊन थांबतो. पुढचा सूर दुसऱ्या तारेवर वरच्या आघाताने घ्यायचा, तर पिकला ती तार ओलांडून पलीकडून परत यावे लागते. ही छोटी उडी सेकंदाला 8 सुरांच्या लयीत फार महागात पडते. त्यावर उपाय म्हणजे खाली जाणारा तोच आघात पुढे नेऊन दुसऱ्या तारेवरही वापरणे. याला इकॉनॉमी पिकिंग म्हणतात. जँगो राइनहार्ट (1910–1953) यांच्या जिप्सी जॅझ परंपरेत नवी तार खालच्या आघातानेच सुरू करतात आणि तो आघात झाल्यावर पिक पुढच्या तारेवर टेकवतात. 1928 च्या आगीत राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती. तरी त्यांच्या ओळींची धार आजही थक्क करते. पॅट मार्टिनो (1944–2021) यांनी मात्र खाली-वर हीच चाल कमालीच्या सफाईने चालवली. वेस माँटगोमेरी (1923–1968) तर पिकऐवजी अंगठ्याने वाजवत. एकच पद्धत खरी असा आग्रह धरण्यात म्हणूनच काही हशील नाही.

सरावासाठी आपली पटाची रीत उत्तम. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून एकाच ओळीला बरोबरी, दुगुन, तिगुन, चौगुन, म्हणजे एका ठोक्यात एक, दोन, तीन, चार सूर, असे जायचे. लय तीच राहते, पट बदलतो, आणि हातांचा मेळ कुठे सुटतो ते नेमके सापडते. मात्र नुसत्या संथ सरावाने वेग येत नाही, कारण जलद लयीत हाताची हालचाल वेगळी आणि लहान असते. त्यासाठी चार सूर एका झटक्यात वाजवून पाचव्यावर थांबायचे, पुन्हा चार, पुन्हा थांबायचे. हे जमल्यावर तुकडे जोडायचे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकले तर वाजवताना निसटलेली ‘टक्’ लगेच पकडता येते. जॅझमध्ये मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरतात. समेवर कान ठेवून वाढलेल्या माणसाला ते सुरुवातीला उलटे वाटते, पण जॅझची झुलती चाल (स्विंग) त्यातूनच येते.

प्रत्येक सूर पिकने वाजवला तर ओळ शिलाई मशीनसारखी चालते. त्यामुळे जॅझ वादक काही सूर डाव्या हातानेच काढतात. हॅमर-ऑन म्हणजे बोट आपटून, पुल-ऑफ म्हणजे बोट ओढून. उपठोक्यावर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या सुरावर, पिकचा आघात आणि ठोक्यावर डाव्या हाताचा सूर अशी वाटणी केली, की जोर आपोआप उपठोक्यावर पडतो आणि उजव्या हाताचे कामही निम्मे होते. मेळाची खरी परीक्षा इथे होते, कारण आता डाव्या हाताने लय स्वतः सांभाळायची असते.

नाशिकची थंडी हा इथल्या वादकांसाठी वेगळा मुद्दा आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बोटे आखडतात. कोमट पाण्यात हात धरून, मग दहा मिनिटे संथ आघातांनी सुरुवात करावी. मनगटात किंवा कोपरात दुखू लागले, तर त्या दिवशी गिटार खाली ठेवावी.