पीसीओडीतल्या 'गाठी' आल्या कुठून?

सोनोग्राफीच्या टेबलवर पोटावर ते गारेगार जेल, आणि मॅडम स्क्रीनकडे बघत बघतच टाईप करणाऱ्या मुलीला सांगतात, "बायलॅटरल पीसीओ." बास, एवढंच. (पीसीओ म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी, शब्दशः 'खूप सिस्ट म्हणजे गाठी असलेलं अंडाशय', आणि त्यासोबत पाळी, हार्मोन बिघडतात त्या आजाराला पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणतात.) घरी येईपर्यंत त्याचं "दोन्ही बाजूला गाठी आहेत" झालं होतं आणि रात्री सासूबाईंच्या बहिणीचा फोन, अगं मग ऑपरेशन करून काढून का नाही टाकत? आम्ही चान्स घ्यायला लागून तेव्हा आठ महिने झाले होते, पाळी कधी चाळीस दिवसांनी तर कधी सत्तर, त्यामुळे खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं, गाठ आहे तर काढा की.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की मावशींचा प्रश्न अजिबात येडपट नव्हता, डॉक्टर लोकांनी कित्येक वर्षं जवळपास हेच केलंय.

या आजाराचं सगळ्यात जुनं वर्णन म्हणून जे सांगतात ते १७२१ चं, इटलीतल्या अँतोनियो वॅलिस्नेरीचं. शेतकरी घरातली तरुण बाई, लग्न झालेलं, अंगाने थोडी जाड, मूल नाही, आणि अंडाशय मोठे, खडबडीत, पांढरट चकचकीत, कबुतराच्या अंड्याएवढे. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीसुद्धा ओळख करून देताना "मूल नाही" आहेच!

मग १९३५. शिकागोच्या मायकेल रीज हॉस्पिटलमधले अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी सात बायकांच्या केसेस छापल्या. पाळी येत नाही, अंडाशय सुजल्यासारखे मोठे. यांनी प्रत्येक अंडाशयाचा अर्ध्यापासून पाऊण भाग कापून काढला, कलिंगडाची फोड काढतात तसा, त्याला वेज रिसेक्शन म्हणतात. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. मग काय, आजाराला या दोघांचंच नाव पडलं आणि पुढची अनेक वर्षं हेच ऑपरेशन चाललं. गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की त्या जखमेमुळे आत गर्भनलिका आणि आतडी एकमेकांना चिकटायची, म्हणजे जे व्हावं म्हणून पोट फाडलं त्यालाच नवा अडथळा.

आणि गाठी? त्या गाठी नाहीतच. दर महिन्याला अंड्याच्या बऱ्याच पिशव्या वाढायला लागतात, त्यातली एक पुढे जाऊन फुटते, बाकीच्या जिरतात. पीसीओडीवाल्या आपल्यात बऱ्याचदा कुठलीच पुढे जात नाही, काही मिलिमीटरवर अडकून कडेने रांगेत बसतात, मोत्याच्या माळेसारख्या. काढायला तिथे काही नाहीच.

खरा धागा दुसरीकडेच होता आणि तो दिसला पण होता. १९२१ मध्ये पॅरिसच्या आशार आणि थिएर या डॉक्टरांनी "दाढीवाल्या बायकांचा डायबेटिस" असं लिहून ठेवलंय, नाव भयंकर आहे पण साखर आणि पुरुषी हार्मोन एकत्र बघितले हे खरं. पीसीओएस आणि इन्सुलिनचा (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं हार्मोन) संबंध रक्ताच्या आकड्यांत दाखवायला मात्र १९८० उजाडलं. इन्सुलिन जास्त झालं की अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतं आणि पिशवी अडकते. "तू तर बारीक आहेस, तुला कसं काय पीसीओडी" हे ऐकलेल्या सगळ्यांसाठी एक पुण्याची गोष्ट, तिथल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. यडकिन यांचा २००४ मध्ये छापलेला फोटो आहे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम २२.३, पण यडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. काटा सगळं सांगत नाही.

गोळ्यांकडे येऊ. अंडं फुटायला मदत करणाऱ्या क्लोमिफिनला अमेरिकेत १९६७ मध्ये परवानगी मिळाली आणि चाकू मागे पडला. मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीवर १९९० नंतर फार आशा होती, पण २००७ च्या ६२६ बायकांच्या ट्रायलमध्ये नुसत्या मेटफॉर्मिनवर बाळ झालं ७.२ टक्के जणींना, क्लोमिफिनवर २२.५.

आणि लेट्रोझोल, म्हणजे मूळची ब्रेस्ट कॅन्सरची गोळी. मूल होण्यासाठी तिचा वापर २००१ पासून छापून यायला लागला, आपल्याकडे पण सर्रास द्यायचे, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने या कामासाठी बंदीच घातली, बाळात व्यंग येईल ही भीती. २०१४ मध्ये ७५० बायकांच्या ट्रायलमध्ये लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफिनवर १९.१, व्यंगांत ठळक फरक नाही. तरी बंदी उठायला २०१७ लागलं. सावधगिरी समजू शकते हो, पण चौतिशीत असलेल्या बाईला ती सहा वर्षं कोण परत देणार?

बाकी "आजकाल सगळ्यांनाच असतं" याबद्दल एक आकडा, मुंबईतल्या पंधरा ते चोवीस वयाच्या मुलींचा २०१४ मध्ये छापलेला अभ्यास आहे, त्यात एका निकषाने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघतो आणि दुसऱ्याने १०.७, मुली त्याच! २०१२ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पॅनेलने तर पीसीओएस हे नावच दिशाभूल करतं, बदला असं सांगितलं होतं. मावशींना मी हे सगळं फोनवर समजावलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग गाठी किती मोठ्या आहेत म्हणालीस?