औद्योगिक नळमार्गातील झडपा : बसवणी आणि देखभाल

पाणी, वाफ, तेल, वायू किंवा आम्ल वाहून नेणाऱ्या नळमार्गात प्रवाह सोडणे, अडवणे, कमीजास्त करणे किंवा उलटा फिरू न देणे ही कामे झडप करते. परिभाषेत झडप असली तरी कारखान्यात तिला सगळे व्हॉल्व्हच म्हणतात. पूर्ण बंद करूनही आतून झिरपत असेल, तर ‘व्हॉल्व्ह पासिंग आहे’ असे लॉगबुकात लिहिले जाते.

गेट व्हॉल्व्ह एक तर पूर्ण उघडा ठेवायचा, नाही तर पूर्ण बंद. अर्धवट उघडा ठेवला की पाचरीच्या (वर-खाली सरकून प्रवाह अडवणाऱ्या भागाच्या) खालच्या कडेवरून प्रवाह जोराने घासत जातो, पाचर थरथरते, सीट, म्हणजे ती बंद होताना टेकते ती बैठक, कोरली जाते आणि पुढे तोच व्हॉल्व्ह पासिंग होतो. प्रवाह कमीजास्त करायचा असेल तर ग्लोब व्हॉल्व्ह घ्यावा. चटकन उघडझाप करायला बॉल व्हॉल्व्ह सोयीचा. त्याच्या सीट बहुधा टेफ्लॉनच्या असतात, त्यामुळे फार तापलेल्या वाफेला तो चालत नाही. मोठ्या व्यासाच्या पाण्याच्या लाइनवर बटरफ्लाय आणि पंपानंतरच्या लाइनवर एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवतात.

बसवण्यापूर्वी लाइन धुऊन घ्यावी. वेल्डिंगचा एक मणी सीटवर अडकला तरी नवा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी खराब होतो. तोंडावरची झाकणे अगदी शेवटच्या क्षणी काढावीत. उचलताना पट्टा बॉडीला बांधावा, चाकाला नाही. ग्लोब आणि एनआरव्हीच्या बॉडीवर कोरलेला बाण प्रवाहाच्या दिशेने आहे ना, हे बोट ठेवून पाहावे. गेट व्हॉल्व्हचे चाक खाली येईल अशी मांडणी टाळावी, कारण मग बॉनेटमध्ये, म्हणजे बॉडीवरच्या टोपणात, गाळ साचतो.

फ्लँजची (बोल्टने जोडायच्या कडांची) तोंडे समोरासमोर नीट जुळत नसतील तर बोल्ट आवळून पाइप ओढून आणू नये. तो ताण व्हॉल्व्हच्या बॉडीवर येतो आणि मग कितीही नवे गॅस्केट (दोन फ्लँजमधली गळती अडवणारी चकती) घातले तरी गळती थांबत नाही. आधी पाइपाचा आधार दुरुस्त करावा. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आणि टप्प्याटप्प्याने आवळायचे: पहिल्या फेरीत साधारण 30 टक्के, दुसरीत 60 ते 70, शेवटी पूर्ण. एकदा दाबले गेलेले गॅस्केट पुन्हा वापरू नये. कारखान्यातून निघताना व्हॉल्व्हच्या बॉडीची चाचणी नेमून दिलेल्या दाबाच्या दीडपट दाबाने झालेली असते, पण वाकडे बसवलेल्या व्हॉल्व्हला त्या दाखल्याचा काही उपयोग नाही.

देखभालीत सर्वांत जास्त हात लागतो तो ग्लँडला, म्हणजे स्पिंडलभोवतीचे पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागाला. स्पिंडल म्हणजे चाकाचा दांडा, आणि पॅकिंग म्हणजे त्याभोवतीची गळती अडवणारी कडी. स्पिंडलभोवती ओल दिसली की नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, सारखे आवळायचे. एकच बाजू आवळली तर ग्लँड तिरका बसतो आणि स्पिंडल घासतो. तरीही गळत असेल तर दाब उतरवून जुने पॅकिंग पूर्ण काढावे. ग्रॅफाइटचा वेणीदार दोर स्पिंडलच्याच जाडीच्या दांड्यावर गुंडाळून 45 अंशांत तिरपा कापतात, म्हणजे टोके एकमेकांवर नीट बसतात. प्रत्येक कडे वेगळे दाबून बसवायचे आणि लगतच्या कड्यांचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. जुन्या पॅकिंगवर नवे कडे ठोकणे हे आळसाचे काम आहे.

लाइन रिकामी केली तरी बंद गेट व्हॉल्व्हच्या पोटात दाब अडकून राहू शकतो. म्हणून बॉनेटचे नट एकदम काढत नाहीत. आपल्यापासून दूरच्या बाजूचे आधी सैल करतात आणि फट पडून दाब निघून जाईपर्यंत बाकीचे काही आटे धरून ठेवतात. महिनोन्‌महिने न हललेला व्हॉल्व्ह नेमका गरजेच्या वेळी जाम होतो, त्यामुळे प्रक्रियेला धोका नसेल तेव्हा तो ठरावीक काळाने फिरवावा. चाकात पाइप घालून जोर लावल्यास स्पिंडल वाकतो. पूर्ण उघडल्यावर चाक पाव फेरा मागे घेण्याची जुनी सवय चांगली आहे. तशाने व्हॉल्व्ह टोकाला अडकून बसत नाही.

या कामात हाताइतकेच कागदालाही महत्त्व आहे. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर एका पंपाची सुरक्षा झडप तपासणीसाठी काढली होती आणि उघड्या पाइपावर ब्लाइंड फ्लँज, म्हणजे भोक नसलेले झाकण, बसवला होता. काम संध्याकाळपर्यंत संपले नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला. पाळीवरच्या लोकांना झडप काढल्याचे परमिट (कामाचा लेखी परवाना) दिसले नाही, म्हणून त्यांनी झडप काढलेला पहिला पंप चालू केला. ब्लाइंड फ्लँजमधून वायू सुटला, स्फोट झाले आणि 167 माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने 1990 मध्ये 106 शिफारशी केल्या. त्यांत परमिट पद्धत काटेकोर करण्यावर भर होता.

आज चांगल्या कारखान्यात दुरुस्तीसाठी बंद केलेल्या व्हॉल्व्हला साखळी-कुलूप आणि नाव-तारखेचा टॅग लावतात. किल्ली काम करणाऱ्या फिटरच्या खिशात राहते. पाळी बदलताना तो पुढच्या फिटरला व्हॉल्व्हपाशी नेऊन टॅग दाखवतो, आणि मगच घरी जातो.