आत्मकेंद्री बाप आणि उथळ लेखन

व्हिडिओ गेममधला एखादा बाप पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त स्वतःचाच विचार करत असेल, त्याला कधी पश्चात्ताप होत नसेल आणि त्याच्या बालपणाची कोणतीही करुण कथा आपल्याला ऐकवली जात नसेल, तर ‘हे पात्र एकांगी आहे, म्हणजेच ते नीट लिहिलेले नाही’ असे सर्रास म्हटले जाते. यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. माणूस उथळ असणे हा त्या माणसाचा स्वभाव असतो, तर लेखन उथळ असणे हा लेखकाचा दोष असतो. ज्याला स्वतःपलीकडचे काही दिसतच नाही, त्याच्या अंतरंगात शोधूनही फारसे काही सापडले नाही, तर ते चित्रण अचूकही असू शकते. म्हणून अशा बापाची पारख करायची असेल तर मी त्याच्या मनापेक्षा त्याने वाढवलेल्या मुलाकडे आधी पाहतो.

गेम फ्रीकने तयार केलेल्या आणि २०१० साली जपानमध्ये निन्टेन्डो डीएसवर आलेल्या ‘पोकेमॉन ब्लॅक’ आणि ‘पोकेमॉन व्हाइट’ या जोडीतला गेत्सिस हा अशा वादातला नेहमीचा आरोपी आहे. टीम प्लाझ्मा या संघटनेच्या वतीने तो चौकात उभा राहून, पोकेमॉनना, म्हणजे या खेळात माणसे पकडून पाळतात आणि झुंजवतात त्या काल्पनिक प्राण्यांना, माणसांच्या दास्यातून मुक्त करा, असे भाषण देतो. प्रत्यक्षात इतर सर्वांनी पोकेमॉन सोडून द्यावेत आणि ते बाळगण्याचे सामर्थ्य एकट्या आपल्याकडे उरावे, एवढाच त्याचा डाव असतो. त्यासाठी दंतकथेतल्या ड्रॅगनचा विश्वास जिंकू शकेल असा एक नायक त्याला हवा असतो, आणि तो त्याने स्वतःच घडवलेला असतो. एन नावाच्या मुलाला त्याने जगापासून दूर ठेवून, माणसांनी दुखावलेल्या पोकेमॉनच्या सहवासात वाढवलेले असते, जेणेकरून माणूस म्हणजे केवळ क्रौर्य अशीच त्या मुलाची समजूत व्हावी.

गेत्सिसची पूर्वकथा या खेळात जवळजवळ नाहीच, आणि माझ्या मते तिची उणीवही भासत नाही, कारण त्याचे सारे कर्तृत्व एनच्या वागण्याबोलण्यात उतरलेले आहे. पहिल्याच भेटीत एन इतक्या घाईने बोलतो की आपला बालमित्र चेरन त्याला, जरा सावकाश बोल, असे सांगतो. माणसांशी बोलायची सवयच नसलेल्या मुलाचे हे बोलणे आहे, हे आपल्याला पुष्कळ उशिरा उमगते. शेवटाकडे टीम प्लाझ्माच्या किल्ल्यात शिरल्यावर एनची खोली लागते. तिथे रुळांवरची खेळण्यातली आगगाडी आहे, बास्केटबॉल आहे, स्केटबोर्डसाठी उतार बांधलेला आहे, जमिनीवर खेळणी विखुरलेली आहेत आणि संगीतपेटीसारखी एक धून वाजत राहते. ज्याला राजा म्हणून मिरवले जाते, त्या तरुणाची ही खोली एखाद्या लहान मुलाची आहे. बापाविषयी एक अक्षरही न लिहिता ती बापाबद्दल सगळे सांगते. या एका खोलीसाठी मी या लेखकांना पुष्कळ काही माफ करायला तयार आहे. पुढे एन हरल्यावर गेत्सिस त्याला मानवी हृदय नसलेला विचित्र प्राणी ठरवतो, तेव्हा ते वाक्य भडक असले तरी उपरे वाटत नाही, कारण काम न देणारे अवजार फेकून द्यावे तसाच त्याचा स्वर आहे.

२०१२ सालच्या पुढच्या भागात मात्र लेखन खरोखरच उथळ झाले आहे. तिथे गेत्सिस क्युरेम या बर्फाळ ड्रॅगन पोकेमॉनच्या साहाय्याने, जिथे ही कथा घडते तो युनोव्हा प्रदेश गोठवायला निघतो. ज्याचे खरे शस्त्र इतरांच्या सद्भावनेचा वापर करणारे वक्तृत्व होते, त्याच्या हाती आता नुसता बर्फ राहतो. माणूस तोच आणि तितकाच आत्मकेंद्री आहे. पहिल्या खेळात तो स्वभाव कथानक चालवत होता, दुसऱ्यात तो केवळ आरडाओरड्यापुरता उरतो.

उलट प्रकारची गल्लत गिअरबॉक्सच्या २०१२ सालच्याच ‘बॉर्डरलँड्स २’मधील हँडसम जॅकच्या बाबतीत होते. हायपेरियन कंपनीचा हा प्रमुख संपूर्ण खेळभर आपल्या कानाशी बोलत राहतो, हिऱ्याच्या घोड्याची बढाई मारतो आणि स्वतःलाच या कथेचा नायक समजतो. डेमिऑन क्लार्कच्या आवाजामुळे तो आवडूही लागतो, परंतु लोभसपणा हाही चांगल्या लेखनाचा पुरावा नव्हे. त्याची मुलगी एंजल हिच्या अलौकिक शक्तीमुळे लहानपणी अपघाताने तिच्या आईचा जीव गेला होता, ही पूर्वकथाही आपल्याला मिळते, आणि त्या पूर्वकथेमुळे जॅक ‘गुंतागुंतीचा’ ठरवला जातो. मला ते कारण तोकडे वाटते. एंजलला त्याने एका बंकरमध्ये डांबून, एरिडियम हे खेळातले काल्पनिक खनिज शरीरात सोडत सोडत व्हॉल्टची, म्हणजे परग्रहवासीयांच्या गुप्त भांडाराची, किल्ली भारण्याच्या कामाला जुंपले आहे. ती मरणाच्या दारात असताना तो आपल्याकडे गयावया करतो, धमक्या देतो, आणि तिच्या मृत्यूनंतर सारा दोष आपल्या माथी मारतो. त्याचे दुःख खोटे नाही, तरीही त्या दुःखाच्या केंद्रस्थानी तो स्वतःच आहे. प्रेम आणि मालकी यांतला फरक ज्याला कधी कळलाच नाही असा माणूस येथे लेखकाने कुठेही हात आखडता न घेता उभा केला आहे, आणि जॅकचे खरे यश मला त्यात दिसते.

त्या बंकरचे दार उघडण्याचा प्रसंग पुन्हा खेळून पाहण्यासारखा आहे. दार फक्त जॅकच्या आवाजाला उघडते, म्हणून आधी त्याच्या तोतयाला मारून आवाज बदलणारे घड्याळ मिळवावे लागते आणि शहरातल्या ध्वनिफिती गोळा करून त्याच्या आवाजाचे नमुने जमवावे लागतात. इतका खटाटोप करून दारापाशी पोहोचल्यावर जो परवलीचा शब्द वाजवायचा असतो, तो म्हणजे बापाच्या आवाजातले ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य. ते ऐकताच कुलूप उघडते, आणि आत नळ्यांना जोडलेली एंजल आपल्याकडे स्वतःचा मृत्यू मागते.