मिड ब्लॉक आणि लो ब्लॉक: ‘बस लावली’ म्हणण्यापूर्वी

फुटबॉलमध्ये आखूड पासांवर खेळणाऱ्या संघासमोर प्रतिस्पर्ध्याने चेंडूचा हट्ट सोडून सगळा संघ बचावाला लावला की, जणू गोलसमोर बसच उभी केली अशा अर्थाने ‘बस लावली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण या दोन शब्दांखाली मिड ब्लॉक (मैदानाच्या मधल्या भागात उभा राहणारा) आणि लो ब्लॉक (स्वतःच्या गोलजवळ बसणारा) असे दोन निराळे बचाव झाकले जातात. दोन्हींत जवळजवळ सगळा संघ चेंडूच्या मागे असतो आणि चेंडू बहुतेक वेळ समोरच्याच्याच पायात असतो, म्हणून ही गल्लत होते. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या २०१०च्या उपांत्य फेरीत प्रशिक्षक जोसे मोरिन्होच्या इंटर मिलानने बार्सिलोनाविरुद्ध आठ दिवसांत हे दोन्ही बचाव खेळून दाखवले.

२० एप्रिलला इंटरच्या सान सिरो मैदानावर झालेल्या पहिल्या सामन्यात इंटरची बचाव फळी पेनल्टी बॉक्सच्या बरीच पुढे होती आणि मधली फळी तिला खेटून उभी होती. हाच मिड ब्लॉक; त्यात प्रत्यक्ष गोलपेक्षा या दोन फळ्यांमधला पट्टा जपायचा असतो, कारण तिथे मेस्सीसारख्या खेळाडूला गोलकडे तोंड करून चेंडू मिळाला, तरच आखूड पासांच्या खेळाला धार येते. मधली वाट बंद झाली की पास कडेला जातो आणि तिथे चेंडू घेणाऱ्याच्या एका बाजूला टचलाइन, म्हणजे मैदानाच्या कडेची रेषा, असल्यामुळे त्याला घेरायला दोघे पुरतात. चेंडू हिसकावला, तर पुढे मोकळे मैदानही हाती असते. बार्सिलोनाने पेद्रोच्या गोलने आघाडी घेऊनही इंटरने स्नायडर, मायकोन आणि मिलितो यांच्या गोलांवर ३-१ असा विजय मिळवला. (आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमाने बंद होती, तेव्हा त्या सामन्यासाठी बसने आला होता तो बार्सिलोनाचा संघ!) या बचावाचा धोका पाठीमागे असतो: फळी पुढे उभी असल्याने तिच्या डोक्यावरून पडलेला एक नेमका लांब पास सगळी रचना मोडू शकतो.

२८ एप्रिलला बार्सिलोनाच्या काम्प नोऊ मैदानावर २८व्या मिनिटाला इंटरच्या थियागो मोट्टाला लाल कार्ड मिळाले आणि इंटरचे दहा जण पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी येऊन बसले. सामुएल एटोसारखा आघाडीपटू चक्क फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, जागी धावत होता. हा झाला लो ब्लॉक; त्यात पाठीमागे जागाच उरत नाही, त्यामुळे लांब पासाची भीती जाते. चेंडू या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरत राहतो आणि त्याला फिरू दिले जाते. मोबदल्यात प्रतिहल्ल्याची आशा जवळजवळ सोडावी लागते, कारण हिसकावलेला चेंडू घेऊन ऐंशी मीटर धावणार कोण?

दूरचित्रवाणीवर फरक ओळखायचा असेल, तर चेंडूकडे न पाहता शेवटची फळी पाहावी. समोरच्याने चेंडू मागे खेळताच मिड ब्लॉकमधली सगळी रांग पाच-सहा पावले पुढे सरकते, तर लो ब्लॉकमध्ये बचावपटू फारसा जागचा हलत नाही.

काम्प नोऊवरच्या त्या रात्री बार्सिलोनाला उशिरा सुचलेला उपायही त्यांच्या शैलीला न शोभणारा होता: जेरार्ड पिके या मधल्या बचावपटूला त्यांनी आघाडीला पाठवले आणि ८४व्या मिनिटाला गोल त्यानेच केला. सामना १-० असा हरूनही दोन्ही सामने मिळून ३-२ अशा फरकाने अंतिम फेरी इंटरने गाठली.