किशोरवयीन मुष्टियोद्ध्यांचे वजन आणि सराव

मुष्टियुद्धात जोड वजनावरून लागते, त्यामुळे वजनकाटा हा रिंगइतकाच या खेळाचा भाग आहे. मोठ्या खेळाडूचे वजन बऱ्यापैकी स्थिरावलेले असते. तेरा ते अठरा या वयात मात्र हाडे, स्नायू आणि उंची वाढत असतात आणि त्यांच्याबरोबर वजन वाढणे हेच निरोगीपणाचे लक्षण असते. ‘४८ किलोचा बॉक्सर’ ही ओळख या वयात फार तर एका हंगामापुरती खरी असते. तीच दोन-तीन वर्षे टिकवण्याचा खटाटोप सुरू झाला की आहार, पाणी, झोप आणि सराव या सगळ्यांचीच घडी विसकटते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १५-१६ वर्षांचे खेळाडू कनिष्ठ आणि १७-१८ वर्षांचे युवा गटात मोडतात. वय जन्मवर्षावरून धरतात. कनिष्ठांच्या लढतीत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, युवांच्या फेऱ्या तीन मिनिटांच्या. कनिष्ठांचे वजनगट खालच्या टोकाला एकमेकांना अगदी खेटून आखलेले असत : ४६, ४८, ५०, ५२, ५४ आणि मग ५७, ६०, ६३ किलो. वाढीच्या ऐन भरात मुलाची उंची वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरने आणि वजन आठ-नऊ किलोंनी वाढू शकते. म्हणजे आहारात काहीही चुकलेले नसताना तो वर्षभरात तीन-चार गट ओलांडू शकतो. मुलींमध्ये हा भर साधारण दोन वर्षे आधी येतो.

गट बदलायचा नसेल तर वजन उतरवावे लागते. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी खेळाडूंच्या मुक्कामी हे चित्र नवे नाही : अंगात प्लास्टिकचा सूट, त्यावर जाड स्वेटशर्ट, आणि पंधरा वर्षांचा मुलगा दोरीवर उड्या मारतो आहे. मधूनमधून तो काट्यावर चढतो, तेही अंग कोरडे पुसून, कारण कातडीवरचा घामही वजनात धरला जातो. जेवण दुपारपासून बंद, पाण्याने फक्त चूळ भरायची. तोंडात चघळायला गोळी आणि लाळ थुंकायला रिकामी बाटली. काही जण जुलाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांपर्यंत जातात. यांपैकी लघवी वाढवणारी औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत, आणि ही बंदी स्पर्धेपुरती नसून बारा महिने लागू असते.

या धडपडीत कमी होते ते मुख्यतः पाणी. स्नायूंतल्या साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. उपास घडला की दोन्ही जातात आणि काटा झरझर खाली येतो. चरबी एका रात्रीत हलत नाही. ५० किलोच्या मुलाच्या शरीरातून एक किलो पाणी गेले, म्हणजे दोन टक्के, की दम आणि एकाग्रता घसरू लागते. तीन किलो उतरवलेला मुलगा रिंगमध्ये उतरतो तेव्हा त्याचे हृदय जोरात धडधडत असते, पाय जड झालेले असतात आणि डोक्याकडे येणारा ठोसा चुकवायला तो किंचित उशीर करतो. मुष्टियुद्धात हा उशीर फार महाग पडतो.

व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांचे वजन सहसा लढतीच्या आदल्या दिवशी घेतात. तूट भरून काढायला त्यांना जवळपास एक अख्खा दिवस मिळतो. ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धेत वजन लढतीच्या दिवशी सकाळीच होते, आणि पुढच्या प्रत्येक लढतीच्या दिवशी पुन्हा होते. अंतिम फेरीपर्यंत पोचणाऱ्या मुलाला आठवड्याभरात चार-पाच वेळा काटा गाठावा लागतो. व्यावसायिकांचे व्हिडिओ पाहून उचललेली युक्ती इथे मुळातच गैरलागू आहे. पण हे मुलांना सांगायला हवे त्या आधीच व्हिडिओ पोचलेले असतात.

मोठ्यांचे किस्सेही भर घालतात. २०१८ मध्ये पोलंडमधील स्पर्धेसाठी मेरी कोमने चार तासांत दोन किलो उतरवले आणि सुवर्णपदक जिंकले. तासभर दोरीवर उड्या मारल्याचे तिनेच सांगितले. हा प्रसंग जिद्दीचा नमुना म्हणून सांगितला जातो. ती तेव्हा पस्तिशीतली, शरीराची पूर्ण वाढ झालेली विश्वविजेती होती, एवढे मात्र सांगायचे राहून जाते. दुसरी बाजू २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसली. कुस्तीत विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. मुष्टियुद्धात २०२२ मध्ये ५२ किलोत विश्वविजेती ठरलेली निखत झरीन तिथे ५० किलो गटात खेळली. दोन दिवस अन्नपाण्यावाचून काढल्याचे तिने हरल्यावर सांगितले.

वजन उतरवताना मृत्यूही झाले आहेत. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशाच घाम गाळण्यात दगावले. त्यांतला धाकटा १९ वर्षांचा होता. प्लास्टिकच्या सूटमध्ये घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि आतले तापमान चढतच जाते. त्यानंतर तिथे रबरी सूट आणि सॉना (घाम काढायची तापवलेली खोली) यांच्यावर बंदी आली. हंगामाच्या सुरुवातीला, लघवी तपासून शरीरात पुरेसे पाणी असल्याची खात्री करूनच, प्रत्येकाचे किमान वजन ठरवले जाऊ लागले आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त घट चालेनाशी झाली. शालेय कुस्तीतही पुढे हीच पद्धत आली : मुलांमध्ये किमान ७ टक्के आणि मुलींमध्ये किमान १२ टक्के चरबी धरून वजनाची खालची मर्यादा ठरते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थ येथे मुआय थाय या थायलंडच्या ठोसे-लाथांच्या खेळातली १८ वर्षांची खेळाडू लढतीसाठी वजन कमी करताना मरण पावली.

हळूहळू होणारे नुकसान लगेच दिसत नाही. प्रौढ माणसाच्या हाडांतील खनिजांचा सुमारे चौथा हिस्सा वाढीच्या भरातल्या दोन वर्षांत साठतो. नेमक्या त्याच काळात खाणे तोडले तर ही तूट पुढे पुरती भरून निघत नाही. सराव भरपूर आणि अन्न अपुरे राहिल्याने हाडे, संप्रेरके, प्रतिकारशक्ती आणि मन यांवर होणाऱ्या परिणामांना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये एकत्रित नाव दिले. मुलींमध्ये पाळी लांबणे किंवा बंद होणे ही त्याची पहिली खूण असते. ‘सराव जोरात चालू आहे, म्हणून असेल’ असे म्हणून ती सोडून देणे ही सर्रास होणारी चूक आहे. मुलांमध्ये अशी ठळक खूण नसते. उंचीची नोंद थबकणे, वारंवार सर्दी-ताप, चिडचिड यांवर नजर ठेवावी लागते. दर महिन्याला उंची आणि वजन वहीत मांडून ठेवणारा प्रशिक्षक हे वेळीच ओळखतो. नुसते वजन मांडणाऱ्याला ते कळत नाही.

सरावाबाबत सर्वांत जुना गैरसमज असा, की वजने उचलल्याने उंची खुंटते. योग्य देखरेखीखाली, हलक्या वजनाने आणि नीट पद्धतीने केलेल्या व्यायामाने तसे होत नाही. खरा धोका अतिसरावाचा आहे. पहाटे धावणे, मग शाळा, संध्याकाळी बॅग आणि पॅड, रात्री गृहपाठ, असा दिवस असला तर या वयाला लागणारी आठ ते दहा तासांची झोप उरत नाही. आठवड्यातले सरावाचे तास वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत, असा क्रीडावैद्यकातला एक ढोबळ नियम आहे. चौदा वर्षांच्या मुलाने चौदा तासांवर थांबावे आणि एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. गुडघ्याखाली नडगीच्या टोकाशी येणारे टेंगूळ आणि मनगटाची दुखणी ही वाढत्या हाडांवर ताण पडल्याची चिन्हे असतात. ती ‘सवयीने जातील’ म्हणून सोडू नयेत.

डोक्यावरच्या माराचा प्रश्न वजनाहून मोठा आहे. अमेरिका आणि कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये संयुक्त निवेदन काढून लहान व किशोरवयीन मुलांच्या मुष्टियुद्धाला विरोधच केला. खेळ चालवणाऱ्यांना हे मान्य नाही, पण चक्कर, डोकेदुखी किंवा गोंधळलेपणा जाणवल्यास त्या दिवशी रिंग बंद आणि डॉक्टरांच्या परवानगीनेच टप्प्याटप्प्याने परत, याबद्दल आता मतभेद उरलेला नाही. धोका स्पर्धेपेक्षा रोजच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावातल्या लढतींत, साचत जातो. छोट्या जिल्ह्यातल्या केंद्रात एका वजनाची दोन मुले मिळत नाहीत, मग ५० किलोच्या मुलासमोर ६० किलोचा उभा राहतो. वजन सारखे असले तरी सोळाव्या वर्षी मिसरूड फुटलेला आणि अजून आवाजही न फुटलेला यांच्या ठोशांत मोठा फरक असतो. त्यातच वयाचे खोटे दाखले हा भारतीय क्रीडाक्षेत्राचा जुना रोग; त्यासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये आचारसंहिता आणली.

गट बदलून वर जाणे म्हणजे पदक गमावणे, ही भीती पालक आणि प्रशिक्षक दोघांनाही असते. पदकावर शाळेचे गुण, वसतिगृहातली जागा, पुढे नोकरी असे बरेच काही अवलंबून असल्याने ती अगदीच निराधार नाही. पण पदके एकाच वजनात नसतात. जागतिक युवा स्पर्धेत नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये ८१ किलोंवरील गटात सुवर्ण मिळवले आणि पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ मध्ये ५२ किलोत. वाढत्या मुलासाठी हंगामाआधी दोन-तीन महिने गट ठरवायचा, तोही पोटभर भाकरी, डाळ, अंडी, दूध, केळी खाऊन भरलेल्या वजनावरून. आणि त्यानंतर वजन चढले तर वरच्या गटात नाव द्यायचे. फरक अर्ध्या-पाऊण किलोचा असेल तर आठवडाभर तळलेले, गोड आणि खारट कमी केल्याने बहुधा भागते. त्याहून जास्त असेल तर त्या स्पर्धेत तो गट त्याचा नाही.